बटणांवरचं गंध

आमच्या घरात दोन वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. एक आईची लोणच्याची बरणी आणि दुसरी अण्णांची हत्यारपेटी. बरणी वरच्या फळीवर असे, पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेली. तिला हात लावायचा तर आधी हात धुवायचे, मग कोरडे पुसायचे, मग दोन्ही बाजूंनी आईला दाखवायचे. एवढं करूनही शेवटी फोड तीच काढून द्यायची, कारण दुसऱ्याच्या हाताच्या कोरडेपणावर तिचा विश्वास नव्हता. अण्णासुद्धा जेवायच्या ताटावरून उठून निमूटपणे हात दाखवत. हत्यारपेटी कॉटखाली असे, हिरव्या रंगाची, दोन कप्प्यांची. माझे वडील, म्हणजे अण्णा, शहाडच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथली हत्यारं कारखान्याची, पण ही पेटी त्यांची स्वतःची. पाने, पकडी, कानशी, हातोडी आणि तीन-चार स्क्रूड्रायव्हर. त्यांतला सगळ्यात धाकटा लाकडी मुठीचा, तो त्यांना त्यांच्या उस्तादाने दिलेला. चाळीत कुणाची शिलाईची मशीन अडली, कुणाचा स्टोव्ह रुसला की अण्णा पेटी घेऊन जात आणि काम झालं की एकेक हत्यार पुसून जिथलं तिथे ठेवत. पेटीतली हत्यारं ही आमच्या घरचीच माणसं आहेत, फक्त ती जेवायला बसत नाहीत, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

टीव्हीचं तसं नव्हतं. तो सगळ्यांचा होता. आमच्या बाजूच्या गॅलरीत तो पहिला आला, त्यामुळे संध्याकाळी दार लावून घेणं हा उर्मटपणा समजला जाई. दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं आणि समोर सतरंजीवर आठ-दहा माणसं. आई आतल्या खोलीत वालाचं बिरडं परतत असायची आणि मधूनच बाहेरच्यांना विचारायची, काय झालं गं, लग्न मोडलं का. बिरड्याचा वास, समोरच्या कारखान्याचा तो कुजकट गोड वास आणि वारा असला तर मागून उल्हास नदीचा ओला वास, असे तिन्ही मिसळून आमची संध्याकाळ होई. आता ठाण्यात विसाव्या मजल्यावर राहते. इथे वारा भरपूर आहे, पण त्याला कसलाच वास नाही.

अशा या टीव्हीवर डोळा ठेवून एक दिवस मोहनमामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ठाण्यात टेंभी नाक्यामागे एका खोलीत राहायचा, कोर्टात कारकून होता आणि लग्नाचं वय टळत चाललंय या आईच्या टुमण्याला कंटाळलेला होता. गणपतीला आला तो पिशवीत एक काळी पेटी घेऊन. पाटीपेक्षा लहान, वर राखाडी रबरी बटणं, दाबली की खोडरबर दाबल्यासारखी. त्याच्या साहेबांच्या मुलाला ती कुणीतरी परदेशातून आणून दिली होती, मुलगा आठ दिवसांत कंटाळला आणि पेटी माळ्यावर गेली. साहेबांनी मामाला दिली, मामाला त्यातलं काही कळेना, म्हणून त्याने ती भाचीसाठी आणली. हा कॉम्प्युटर आहे म्हणाला. आम्ही सगळे हसलो. कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं आणि पांढरा कोट घातलेली माणसं एवढंच आम्हाला माहीत होतं. मामाने एक वायर टीव्हीच्या मागे खुपसली, दुसरी स्वतःच्या टेपरेकॉर्डरला लावली, बटण फिरवत फिरवत बसला, आणि मुंग्यांच्या वारुळातून एकदम स्वच्छ पांढरा पडदा उगवला. खाली इंग्रजीत एक ओळ. मग तीही गेली आणि एक चौकोन लुकलुकत राहिला. तो माझीच वाट बघतोय असं मला वाटलं. मी अकरावीत होते, माझी वाट बघणारं तोवर कुणी नव्हतं.

अण्णांना ते प्रकरण पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्यांनी माझं सगळं ठरवलेलं होतं. बारावी झाली की डी.एड., मग शाळेत नोकरी, दुपारी घरी. मला मात्र ठाण्याच्या कॉलेजात निघालेला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचा होता, आणि हे मी फक्त आईच्या कानात सांगितलं होतं. आईने ते अण्णांच्या कानात कधी घातलं ते मला कळलं नाही, पण घातलं असणार. कारण मामा परत निघाला तेव्हा पेटीकडे बघत अण्णा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत ठेव. तोवर घरात कुणाच्या काही उपयोगाला आलं तर बघू. नाहीतर मोहन घेऊन जाईल, आणि मग तो विषय परत काढायचा नाही." तो विषय म्हणजे पेटी नव्हे, डिप्लोमा, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

पेटीबरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं. त्याची पहिली काही पानं साहेबांच्या मुलाने रंगवून ठेवलेली. दुपारी टीव्हीवर काही नसे, अण्णा पहिल्या पाळीला, आई पापड लाटायला शेजारी. मी आणि तो चौकोन. पहिल्यांदा मी त्याला माझं नाव लिहायला शिकवलं आणि ते पडदाभर 'सुलभा सुलभा' असं धावत सुटलं तेव्हा मी पुरणपोळी खाल्ल्यासारखी तृप्त होऊन बसले. आई आली, बघून म्हणाली, तुझं नाव विसरायला झालंय का तुला. अडचण अशी होती की बटण बंद केलं की पेटी सगळं विसरायची. लक्षात ठेवायचं तर ते मामाने मागे ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर, टेपमध्ये भरून ठेवावं लागे. त्याचा आवाज म्हणजे अगदी किर्रर्र, मग खरखर, मग पुन्हा किर्रर्र. पहिल्यांदा तो ऐकून शेजारच्या सावंतकाकू मांजराला शोधत आल्या होत्या.

आता शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये दहा-बारा मुलं माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला येतात. तळहाताएवढी एक हिरवी पट्टी, तोच अख्खा कॉम्प्युटर, त्यावर नखाएवढं कार्ड, कार्डात फुकट मिळणारं लिनक्स, आणि जोडायला कुणाच्या तरी घरचा जुना टीव्ही. मुलं विचारतात, आजी, यात विंडोज का नाही, गेम का नाहीत, पडद्यावर हे काळं काळं काय आहे. मी सांगते, या काळ्यात काहीच नाही म्हणूनच तुम्हाला काहीतरी करावं लागेल. ती तोंड वाकडं करतात. मग एखादीच्या नावाने पडदा भरतो आणि तिचं तोंड सरळ होतं. इतक्या वर्षांत कॉम्प्युटर कुठल्या कुठे गेले, पण ते तोंड आहे तसंच आहे.

उपयोग. हा शब्द माझ्या डोक्यात बसला होता. हिशोब करून दाखवावा तर अण्णा तोंडीच माझ्याआधी करत. आईचं वाणसामान टाकून बघितलं, तर ती म्हणाली, मला माहीत आहे ते मला कशाला सांगतोय हा. नवरात्र आलं, आणि चाळीत भोंडला सुरू झाला. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी ज्या घरचा भोंडला त्या घरची खिरापत ओळखायची. डबा झाकलेला. तिखट का गोड? तळलेलं का उकडलेलं? त्यात नारळ आहे का? गाण्यांपेक्षा आमचा जीव त्या ओळखण्यात. दुसऱ्या दिवशी फेर धरता धरता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे प्रश्न पेटीला विचारता येतील. उत्तर हो किंवा नाही. आणि पेटी हरली, तर तिने विचारायचं, बाई, काय होतं ते? आणि मी म्हणत होते त्याच्यात नि ह्याच्यात फरक कसा करायचा, तो प्रश्न मला शिकवा. म्हणजे पुढच्या वेळी ती हरणार नाही.

ते लिहायला मला फार त्रास झाला, पण तो इथे सांगत नाही. मराठी अक्षरं पेटीला येत नव्हती, म्हणून प्रश्न इंग्रजी लिपीत, आणि वाचून दाखवायला मी. बायकांना बटणं कळावीत म्हणून 'हो'च्या बटणावर आईच्या पाकिटातली लाल टिकली लावली आणि 'नाही'च्या बटणावर काळी. आणि मग रोज गाणी झाली की डबा मांडीवर घेतलेली बाई टीव्हीसमोर बसे आणि बाकीच्या तिच्या मागे गर्दी करून. सुरुवातीला पेटीला काहीच येत नव्हतं. ती फक्त गोड असेल तर शिरा आणि तिखट असेल तर भजी म्हणायची, आणि बायका तिची कीव करायच्या. अगं बिचारीला साटोरी माहीत नाही. अगं तिला कोथिंबीरवडी शिकव. शिकवण्याची हौस काय असते ते मी तेव्हा पाहिलं. स्वतःच्या पोरांवर कधी इतकी मेहनत न घेतलेल्या बाया त्या पेटीला पातोळ्या आणि खांडवी यांतला फरक समजावत होत्या. सावंतकाकूंनी मात्र मुद्दाम खोटं शिकवलं. साटोरी तिखट असते म्हणून सांगितलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसरीची फजिती होईल. फजिती झाली. सगळ्या पेटीला नावं ठेवायला लागल्या तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "पेटी नाही चुकली. सावंतीण चुकली. त्या बिचारीला जे सांगाल ते ती खरं मानते." प्रोग्रामिंगचा इतका मोठा धडा मला पुढे कुठल्याही कॉलेजात कुणी दिला नाही.

अण्णा या सगळ्यात नव्हते. भोंडल्यात पुरुषाने लुडबुड करायची नाही, म्हणून ते गॅलरीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडून बसत. पण पान उलटल्याचा आवाज येत नसे, हे आईच्या लक्षात आलं होतं. एकदा जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, बटण बंद केलं की याला काल शिकवलेलं आठवत नाही का? मी टेपचं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आमच्या लेथसारखं, पाळी बदलली की सेटिंग परत लावायचं. मी म्हटलं, हो, तसंच. त्यांनी भातावर ताक घेतलं. मी मात्र त्या रात्री खुशीत झोपले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात मशीनींची पूजा असे. अण्णा पेढ्याचा पुडा घेऊन दुपारी लवकर घरी येत आणि मग घरच्या हत्यारपेटीची पूजा करत. पाटावर लाल कापड, त्यावर एकेक हत्यार पुसून मांडलेलं, त्याला गंध, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. तो त्यांच्या विश्रांतीचा दिवस. एका वर्षी त्याच दिवशी आमचा स्वतःचा नळ गळायला लागला, तर अण्णांनी खाली बादली लावली, पाना उचलला नाही. मी त्या दुपारी कल्याणला फुलं आणि आपट्याची पानं आणायला गेले होते. परत आले तर आई दारातच हसत उभी. म्हणाली, जा, आत बघ.

पाटावर हत्यारांची रांग होती, आणि रांगेत, पकडी आणि उस्तादाचा स्क्रूड्रायव्हर यांच्या मधोमध, माझी काळी पेटी. तिलाही झेंडूचं फूल. अण्णा बाजूला बसून अगरबत्तीची राख झटकत होते, माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हते. माझ्या वडिलांनी मला कधी शाबास म्हटलेलं मला आठवत नाही. पण त्यांनी ती पेटी त्यांच्या हत्यारांत बसवली होती, आणि याहून मोठं ते काही म्हणू शकले नसते. मी वाकून नमस्कार केला आणि वाकल्यावरच मला दिसलं. बटणांवर गंध होतं. दाट उगाळलेलं, बोटाने लावलेलं, प्रत्येक ओळीत एकेक ठिपका. वर फुलाने शिंपडलेलं पाणी. आणि ते पिवळं पाणी बटणांच्या फटीतून आत उतरत होतं.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बहुतेक नुसतंच "अण्णा, ते आत जातंय" म्हणाले. आणि पेटी उचलायला हात पुढे केला. अण्णा म्हणाले, आज हात लावायचा नाही. कारखान्यात आम्ही लेथवर हंडाभर पाणी शिंपडतो, लोखंडाला कधी काही झालेलं नाही. मी म्हटलं हे लोखंड नाही. आत प्लास्टिकचा पापुद्रा आहे, तो चिकटला की संपलं. त्यांना ते पटेना, किंवा पटत होतं म्हणूनच ते हट्टाला पेटले. पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिले, तूच तिथे टिकल्या लावलेल्यास ना, मला वाटलं तिथेच लावायचं असतं. ते ऐकल्यावर मला रागावताही येईना. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. उद्या दसरा, उद्या शेवटचा भोंडला आमच्या घरचा, आणि उद्या मामा येणार. टेंभी नाक्याच्या देवीची गर्दी आणि रात्रंदिवसचे लाउडस्पीकर यांना वैतागून तो दर नवरात्रात शेवटी आमच्याकडे पळून यायचा. पेटी मुकी असली तर तो ती घेऊन जाणार, आणि तो विषय परत निघणार नाही.

तेवढ्यात गायकवाडमावशी आल्या. आमच्या शेजारच्या, कल्याणला इस्पितळात परिचारिका होत्या. ड्युटीवरून येताना आईला इस्पितळातला प्रसाद द्यायला थांबल्या, आणि घरातली शांतता बघून काय झालं ते विचारलं. आईने सांगितलं. मावशी पाटाकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडे पण आज कात्र्या-चिमट्यांची पूजा झाली. बाकीच्या करतात, आम्ही काय करत नाही. पण बाराला एक अडलेली बाई आली, तेव्हा पाटावरचंच उचललं की. फूल बाजूला ठेवलं, उकळलं आणि गेलो. पोरगी झाली." मग आई बोलली. ती अण्णांशी चारचौघांत कधी वाद घालत नसे, आणि तेव्हाही तिचा आवाज खालचाच होता. "अहो, ते हत्यारपेटीच्या जातीचं नाहीच आहे. बरणीच्या जातीचं आहे."

बरणीकडे अण्णांनी एकदा वर बघितलं. मग त्यांनी हात जोडले, पाटाला डोकं टेकलं, पेटीवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं आणि उस्तादाचा तो धाकटा स्क्रूड्रायव्हर उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यावरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही. आईला म्हणाले, माझ्या जुन्या धोतराचं फडकं दे. फडकं पसरलं, पेटी उलटी ठेवली आणि स्क्रू सोडवले. झाकण उघडलं तर आत इतकंसं काहीतरी. हिरवी पाटी, चार काळे किडे आणि दोन पातळ पट्ट्या. अण्णांनी त्यावर बोट नेलं आणि मागे घेतलं. त्यांची बोटं जाड, भेगाळलेली, नखांत कायमचं तेल. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला.

"तू कर," म्हणाले. "मला हे येत नाही. मी उजेड धरतो."

संध्याकाळ व्हायची होती, तरी त्यांनी बॅटरी लावली आणि ती हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवून बसले. मावशींनी त्यांच्या पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली. आईने देवाच्या कपाशीतल्या वाती उलगडून बोळे करून दिले. मी पट्ट्या हळूच सोडवल्या, रबराची चादर उचलली. ती आईने धुऊन पदराखाली वाऱ्याला धरली. खालच्या पापुद्र्यावर गंधाचा ओघळ वाळत आला होता. मी बोळ्याने टिपत गेले. अण्णा एकदाही सावकाश म्हणाले नाहीत, जे ते मला साधं दार लावतानाही म्हणत. पुसून झाल्यावर आम्ही चौघं त्या पापुद्र्याभोवती बसून पुठ्ठ्याने वारा घालत होतो. सावंतकाकूंनी दारातून डोकावून बघितलं आणि काही न विचारता निघून गेल्या, यावरून आमचे चेहरे कसे असतील याची कल्पना यावी.

सगळं परत बसवलं, वायर टीव्हीला लावली. पांढरा पडदा आला. मी एकेक बटण दाबत गेले, एकेक अक्षर उमटत गेलं. फक्त लाल टिकलीचं बटण गेलं होतं, ते पुढे कायमचंच गेलं. मी टिकली काढून शेजारच्या बटणावर लावली आणि प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची मनाशी ठरवलं. मग टेप लावली. किर्रर्र, खरखर. टेप भरून होईपर्यंत काही कळत नाही, नुसतं ऐकत बसायचं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. कारखान्यात ते आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखत असं लोक म्हणायचे. इथे त्यांना काय कळत होतं कोण जाणे. मधेच म्हणाले, "सुरळीत आहे." टेप थांबली, आणि पडद्यावर माझा पहिला प्रश्न आला, गोड आहे का. त्यांचं ते 'सुरळीत आहे' आजही मला हवं असतं. एखादं काम अडलं आणि रात्रंदिवस डोकं फोडूनही सुटेना की मी डोळे मिटते आणि ते शब्द अण्णांच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न करते. कधी ऐकू येतात, कधी नाही.

दसऱ्याला आमच्या घरी अख्खी चाळ लोटली. आईने डब्यात काय केलं होतं ते मलाही सांगितलं नव्हतं. गाणी झाली, आई डबा मांडीवर घेऊन बसली आणि टिकल्या दाबू लागली. गोड, हो. तळलेलं, नाही. उकडलेलं, नाही. त्यात फळभाजी आहे का, हो. पेटी म्हणाली दुधी हलवा. आईने काळी टिकली दाबली आणि झाकण उघडलं. तवसाळं होतं, तवशाचं, म्हणजे जून काकडीचं, गूळ आणि रवा घालून केलेलं. राजापूरकडचं, आजोळचं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी हरली होती, आता तिने विचारलं, दुधी हलव्यापासून हे कसं ओळखू? आई अडली. हे वेगळं ते तिला माहीत होतं, पण हो-नाहीच्या प्रश्नात ते कसं बसवायचं ते सुचेना. दुसऱ्या बायकाही सुचवायला लागल्या, पण एकीचाही प्रश्न धड होईना.

"त्यातली भाजी कच्ची खातात का, ते विचार."

सगळ्यांनी मागे बघितलं. अण्णा दारात उभे होते, मामा त्यांच्या मागे. सोनं लुटून आले होते, हातात आपट्याची पानं. भोंडल्यात पुरुषाचा आवाज आला म्हणून क्षणभर कुणालाच काय करावं कळेना, मग गायकवाडमावशींना हसू आलं आणि सगळ्याच हसायला लागल्या. मी तो प्रश्न टाइप केला. पेटीने तो घेतला. अण्णांच्या कानशिलांवर लाली चढली होती.

बायका तवसाळं खाऊन पांगल्यावर अण्णांनी सोनं वाटलं. आधी देवाला, मग पाटावरच्या हत्यारांना, एकेकाला एकेक पान. मामा चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, मग भाऊजी, ही पेटी उद्या सकाळी नेऊ का मी? उरलेल्यांतलं एक पान अण्णांनी निवडलं, शर्टाच्या बाहीला दोन्ही बाजूंनी पुसलं, पुन्हा पुसलं, आणि पेटीवर वाकले. बटणांच्या वर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तो वर सरकवला, जिथे बटणं नव्हती तिथे, आणि पान न ठेवता माझ्याकडे बघितलं.

"सुलू, इथे चालेल ना? कोरडं आहे."

आणि बरणीपुढे आईला दाखवत, तसे दोन्ही हात उलटसुलट करून त्यांनी मला दाखवले.